एरोस्पेसच्या पदव्युत्तर प्रवेशाचा अर्ज: इंदूरच्या मेकॅनिकल विद्यार्थ्यांसाठी

दिवाळीची सुटी संपली, की शिफारसपत्र मागणाऱ्या विद्यार्थ्यांची माझ्या टेबलापाशी गर्दी होते. इंदूरमधल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी फ्लुइड मेकॅनिक्स शिकवतो, त्यामुळे एरोस्पेसला जायचे म्हणणारी मुले बहुधा माझ्याकडेच धाडली जातात. प्रत्येकाच्या हातात दहा-बारा विद्यापीठांची यादी असते आणि ती कुठल्या तरी क्रमवारीतून जशीच्या तशी उतरवलेली असते. मी ती यादी बाजूला ठेवायला सांगतो आणि विचारतो, की गेल्या तीन वर्षांत तू असे कोणते एक काम केले आहेस, ज्याबद्दल मी अर्धा तास उलटसुलट प्रश्न विचारले तरी तू डगमगणार नाहीस? पुढे अर्जात जे जे कागद लागतात, ते सगळे या एका उत्तराच्या आधाराने उभे राहतात, आणि ते उत्तर डिसेंबरात तयार करता येत नाही. त्यासाठी तिसऱ्या वर्षाचा उन्हाळा कामी लावावा लागतो.

घरच्यांच्या मनातला एक घोळ आधीच मिटवलेला बरा. आमच्या रामबागेत कोणी ‘मुलगी एरोस्पेसला चालली’ असे म्हटले, की एक काका ती पायलट होणार असे धरून चालतात आणि दुसरे काका ती विमानांची दुरुस्ती शिकणार असे समजतात. वैमानिकाचा परवाना आणि विमान-देखभाल अभियंत्याचा परवाना हे दोन्ही नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. त्यांच्या वाटा, परीक्षा आणि खर्च निराळे आहेत. येथे ज्याचा विचार करायचा आहे, ते विमाने, प्रक्षेपक आणि उपग्रह यांचे आराखडे व विश्लेषण शिकवणारे एम.टेक., एम.एस. किंवा थेट पीएच.डी.चे शिक्षण होय.

एरोस्पेस हे एक नाव असले तरी त्याच्या पोटात एरोडायनॅमिक्स (हवेचा प्रवाह), प्रोपल्शन (इंजिने), स्ट्रक्चर्स (रचना), फ्लाइट मेकॅनिक्स व कंट्रोल (उड्डाणाची गती व नियंत्रण) आणि अंतराळयानांची गती असे निदान पाच वेगळे संसार आहेत, आणि बहुतेक ठिकाणी अर्जातच त्यांपैकी एक निवडावा लागतो. ‘मला सगळेच आवडते’ हे उत्तर घरी चालते, अर्जात चालत नाही. निवड करताना आपण कोणते काम केले आहे तिकडे पाहावे: ज्याने प्रोजेक्टसाठी संमिश्र पदार्थांच्या पट्ट्या तोडून पाहिल्या त्याने स्ट्रक्चर्सकडे जाणे स्वाभाविक आहे, आणि ज्याने ड्रोनचा कंट्रोलर स्वतः लिहून जुळवला त्याने केवळ नाव भारदस्त म्हणून प्रोपल्शन मागू नये. मेकॅनिकलची पदवी ही यात अडचण नाही. ज्वलन, उष्णतावहन, पदार्थांचे बल, कंपने हा सगळा पाया तोच आहे. उणीव असते ती फ्लाइट मेकॅनिक्सची आणि पातळ भिंतींच्या रचनांची, आणि ती एनपीटीईएल या ऑनलाइन मंचावरच्या आयआयटी प्राध्यापकांच्या मोफत व्याख्यानांतून भरून काढता येते.

क्रमवारीच्या यादीबद्दल एक गोष्ट मी मुलांना हमखास सांगतो. कल्पना चावला यांनी १९८२ मध्ये चंदीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजातून एरोनॉटिकलची पदवी घेतली, १९८४ मध्ये आर्लिंग्टन येथील टेक्सास विद्यापीठातून एम.एस. केले आणि १९८८ मध्ये बोल्डरच्या कोलोरॅडो विद्यापीठातून पीएच.डी. मिळवली. माझ्यापुढे येणाऱ्या याद्यांमध्ये आर्लिंग्टनचे नाव मला क्वचितच दिसले आहे.

देशात शिकायचे असेल तर मुख्य दार गेटचे, म्हणजे पदव्युत्तर अभियांत्रिकीच्या राष्ट्रीय प्रवेशपरीक्षेचे. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि सात जुन्या आयआयटी ही परीक्षा आळीपाळीने घेतात. अर्ज साधारणपणे ऑगस्टअखेरीस व सप्टेंबरात भरले जातात, परीक्षा फेब्रुवारीत होते, निकाल मार्चमध्ये लागतो आणि ते गुण तीन वर्षे ग्राह्य धरले जातात. पदवीच्या तिसऱ्या वर्षात असतानाही परीक्षेला बसता येते, आणि मी तर तसे बसावेच असे म्हणतो, कारण पहिल्या खेपेला खरी परीक्षा विषयाची नसून तीन तासांत ६५ प्रश्न पडद्यावरच्या कॅल्क्युलेटरने सोडवण्याच्या सवयीची असते. एई या संकेताच्या एरोस्पेसच्या पेपरात १०० पैकी १५ गुण सामान्य क्षमतेला, १३ गणिताला आणि ७२ मूळ विषयाला असतात. पहिल्या दोन विभागांचे २८ गुण मेकॅनिकलच्या मुलाने हातचे समजून टाकू नयेत. तेवढ्याच गुणांसाठी ऑर्बिटचे आणि स्थिरतेचे सगळे प्रकरण नव्याने शिकायला चार महिने लागतात, तर गणिताची उजळणी तीन आठवड्यांत होते. बहुपर्यायी प्रश्नांत एक गुणाचे उत्तर चुकले तर एक तृतीयांश आणि दोन गुणांचे चुकले तर दोन तृतीयांश गुण वजा होतात, परंतु संख्या भरायच्या प्रश्नांत आणि एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकणाऱ्या प्रश्नांत काहीही वजा होत नाही. तरीही ते कोरे ठेवून येणारे विद्यार्थी मी दर वर्षी पाहतो. काही विभाग काही शाखांसाठी मेकॅनिकलचा पेपरही स्वीकारतात, म्हणून पेपर ठरवण्यापूर्वी त्या त्या विभागाची माहितीपुस्तिका वाचावी.

नव्याने काय शिकायचे, याचा एक नमुना देतो. पंखाच्या आतली पेटी ०.५ मीटर रुंद आणि ०.२ मीटर उंच आहे, तिची भिंत १ मिलिमीटर जाडीची आहे आणि तिला १,००० न्यूटन-मीटरचा पीळ बसतो आहे असे समजा. बंद पेटीत शिअर फ्लो (भिंतीच्या दर मीटरला येणारे कातरबल) म्हणजे पीळ भागिले वेढलेल्या क्षेत्रफळाची दुप्पट, म्हणजे येथे ५,००० न्यूटन प्रति मीटर. त्याला जाडीने भागले, की शिअर स्ट्रेस ५ मेगापास्कल येतो. इथवरचे गणित कोणीही पाठ करतो. मुलाखतीत पुढचा प्रश्न असा असतो, की याच पेटीला लांबीभर एक चीर पाडली तर काय होईल? चीर पडताच पेटी उघड्या पट्टीसारखी वागू लागते, पिळाविरुद्धचा तिचा ताठपणा कितीतरी पटींनी कोसळतो, आणि हे ज्याला कळले त्याला विमानाच्या दारांभोवती एवढी मजबुती का करावी लागते हेही सांगता येते. कोऱ्या कागदाची गुंडाळी करून, एकदा तिची कड चिकटवून आणि एकदा न चिकटवता पिळून पाहावी. मी वर्गात तेच करतो.

विभाग निवडताना तेथे कोणती साधने आहेत हे पाहावे. भारतीय विज्ञान संस्थेतला एरोस्पेस विभाग १९४२ पासून चालू आहे. आयआयटी कानपूरच्या आवारात स्वतःची धावपट्टी आणि फ्लाइट लॅबोरेटरी आहे, त्यामुळे ज्याला फ्लाइट मेकॅनिक्स करायचे आहे त्याच्यासाठी ती जागा निराळीच ठरते. मुंबई, मद्रास आणि खरगपूर येथील आयआयटींचे एरोस्पेस विभागही जुने आणि भरभक्कम आहेत. तिरुवनंतपुरमजवळ वलियामलाला २००७ साली सुरू झालेली आयआयएसटी ही अंतराळ विज्ञान व तंत्रज्ञानाची संस्था केंद्राच्या अंतराळ विभागाच्या अखत्यारीत येते. आणि ज्याला घरचे पोहे सोडवत नाहीत, त्याने खंडवा रोडवर सिमरोळला असलेल्या आयआयटी इंदूरमधला खगोलशास्त्र व अंतराळ अभियांत्रिकीचा विभाग पाहून यावा. प्रवेश घ्यायचा नसला, तरी उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपसाठी प्राध्यापकांना पत्र लिहायला तो सगळ्यांत जवळचा पत्ता आहे.

गेटचा निकाल लागला म्हणजे प्रवेश झाला असे नाही. प्रत्येक संस्थेकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो, संशोधनप्रधान अभ्यासक्रमांना मुलाखत असते आणि अनेकदा लेखी चाचणीही असते, आणि जागांचे प्रस्ताव सीओएपी या सामाईक पोर्टलवर फेऱ्याफेऱ्यांनी येतात. तेथे नोंदणी केली नसेल, तर उत्तम गुण असूनही प्रस्ताव दिसत नाही. प्रत्येक फेरीत प्रस्ताव कायमचा स्वीकारणे, तो राखून पुढच्या फेरीची वाट पाहणे, किंवा नाकारून वाट पाहणे असे तीन पर्याय असतात. मुदतीत काहीच न केल्यास प्रस्ताव हातचा जातो. मुलाखतीत बहुतेक वेळा तुमच्या आवडीचे दोन विषय आधी विचारले जातात. तेथे गुण जास्त पडले म्हणून विषय सांगू नये. ज्यातली मूळ समीकरणे फळ्यावर शून्यापासून मांडता येतील तोच सांगावा. गेटच्या आधारे एम.टेक.ला प्रवेश मिळालेल्यांना महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते, आणि वसतिगृहात काटकसरीने राहणाऱ्याचा खर्च त्यात बराचसा भागतो.

परदेशाचा विचार करणाऱ्याने, विशेषतः अमेरिकेचा, एक गोष्ट इतर सगळ्यांच्या आधी समजून घ्यावी, आणि नेमकी तीच सल्लागारांच्या चकचकीत पत्रकांत छापलेली नसते. तेथे प्रक्षेपक, लष्करी विमाने, अनेक प्रकारची इंजिने आणि त्यांची तांत्रिक माहिती निर्यात-नियंत्रणाच्या कायद्यांखाली येते, आणि आयटार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमांनुसार अशी माहिती परकीय नागरिकाला देणे हीसुद्धा निर्यातच समजली जाते, मग तो नागरिक त्याच इमारतीत शेजारच्या खुर्चीवर बसलेला का असेना. त्यामुळे रॉकेट बनवणाऱ्या कंपन्या बहुतेक पदांसाठी अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकच घेतात. विद्यापीठांत जे मूलभूत संशोधन खुलेपणाने प्रसिद्ध होते त्याला यातून सूट आहे, म्हणून तेथे शिकता येते आणि पीएच.डी.ही करता येते. परंतु एखाद्या प्राध्यापकाच्या काही प्रकल्पांत परदेशी विद्यार्थ्याला हात लावता येणार नाही, हे शक्य असते. अर्ज करण्यापूर्वी त्या प्रयोगशाळेच्या पानावर सध्याचे विद्यार्थी कोण आहेत आणि त्यांचे शोधनिबंध कुठे छापून येतात, हे पाहावे. पदवीनंतर अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला प्रत्यक्ष कामासाठी १२ महिने आणि वाढीव २४ महिने, असे एकूण ३६ महिने मिळू शकतात. त्या काळात ज्यांना काम मिळते ते पुष्कळदा सॉफ्टवेअर, वाहन, ऊर्जा अशा शेजारच्या क्षेत्रांत मिळते. हे सगळे ठाऊक असून जो जातो त्याला माझी ना नाही. कर्ज काढून गेल्यावर ज्याला हे कळते, त्याच्या वडिलांचा फोन मात्र मला येतो.

अमेरिकेत एम.एस.च्या विद्यार्थ्याला सहसा पैसे मिळत नाहीत आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला सहसा मिळतात, हा फरक एवढा मोठा आहे की ज्याला संशोधन खरोखर करायचे आहे त्याने बी.ई.नंतर थेट पीएच.डी.चा अर्जही विचारात घ्यावा. बहुतेक विभागांच्या मुदती १ ते १५ डिसेंबरच्या दरम्यान संपतात. जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशाची सामान्य परीक्षा सप्टेंबर २०२३ पासून एक तास ५८ मिनिटांची झाली आहे आणि तिचे गुण पाच वर्षे चालतात; पुष्कळ ठिकाणी ती ऐच्छिक आहे किंवा मागतच नाहीत, म्हणून आधी यादी पक्की करावी आणि मगच तिचे शुल्क भरावे. टोफेल आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोनच वर्षे चालतात.

जर्मनीत शिक्षण फुकट आहे, हे वाक्य सराफ्यात रात्री गराडू खाताना ऐकायला बरे वाटते, पण आता ते अर्धेच खरे आहे. श्टुटगार्ट ज्या राज्यात येते त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सत्राला १,५०० यूरो भरावे लागतात, आणि म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून अशा विद्यार्थ्यांना शुल्क लावले आहे. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना जर्मनीच्या व्हिसासाठी एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे, प्रमाणपत्र लागते, आणि ते मिळायला वेळ लागत असल्याने सातव्या सत्रातच त्याच्या तयारीला लागावे. तुमचे गुण तेथे उलट्या मापाने मोजले जातात: १ सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. कमाल गुणांतून आपले गुण वजा करावेत, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकाने भागावे, तीनने गुणून एक मिळवावा. सीजीपीए ८.१ असेल, कमाल १० आणि किमान ४ असेल, तर १.९ भागिले ६, गुणिले ३, अधिक १, म्हणजे १.९५. अनेक विभाग २.५ च्या आसपास रेघ ओढतात, तेव्हा हा आकडा हाती असल्याशिवाय यादी करू नये. नेदरलँड्समधील डेल्फ्ट, फ्रान्समधील तुलूजची आयएसएई-सुपाएरो आणि एका वर्षात पदवी देणारे ब्रिटनमधील क्रॅनफिल्ड, ही तिन्ही ठिकाणे केवळ एरोस्पेससाठी पाहण्यासारखी आहेत. शुल्क मात्र आधी पाहावे. पैशांच्या सोयीत जे. एन. टाटा एन्डाउमेंटच्या कर्जाऊ शिष्यवृत्तीकडे मुलांचे लक्ष कमी जाते. ती १८९२ पासून चालू आहे.

आता उद्देशपत्र, म्हणजे ज्याला सगळे एसओपी म्हणतात ते. माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी सात मसुद्यांची सुरुवात लहानपणी गच्चीवरून पाहिलेल्या विमानाने होते. देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर उतरणारी विमाने आम्हीही पाहिली आहेत. त्यावरून निवड समितीला काहीच कळत नाही. काय कळायला हवे, ते एका विद्यार्थ्याच्या उदाहरणाने सांगतो. त्याने आमच्या लहान विंड टनेलमध्ये नाका ००१२ या प्रमाणित छेदाचा, १०० मिलिमीटर कॉर्डचा, म्हणजे रुंदीचा, आणि २०० मिलिमीटर लांबीचा पंख बसवून २० मीटर प्रति सेकंद वेगाने लिफ्ट, म्हणजे वर उचलणारे बल, मोजली. प्रवाहाचे स्वरूप सांगणारा रेनॉल्ड्स आकडा सुमारे एक लाख ३३ हजार होता. सिद्धांताप्रमाणे लिफ्ट गुणांकाची चढण, म्हणजे पंख तिरपा करत गेल्यावर गुणांकात पडणारी भर, दर अंशाला ०.११ यायला हवी होती, याची आली ०.०५. अहवालात त्याने ‘उपकरणातील दोष व मानवी चूक’ असे लिहून विषय संपवला होता. मी त्याला विचारले, की तुझा पंख अनंत लांबीचा होता का? तो दोन दिवसांनी परत आला. ०.११ हा आकडा अनंत लांबीच्या पंखाचा. याच्या पंखाचा आस्पेक्ट रेशो, म्हणजे लांबी भागिले रुंदी, होता २, आणि मर्यादित लांबीच्या पंखाचे सूत्र लावल्यावर अपेक्षित चढण बरोबर निम्मी, म्हणजे ०.०५५ आली. इतक्या आखूड पंखाला ते सूत्रही जरा जास्तच आकडा देते, हेही त्याने शोधून काढले. त्याचे सगळे उद्देशपत्र या एका परिच्छेदाभोवती लिहिले गेले: काय मोजले, काय चुकीचे समजलो, ते कसे कळले, आणि पंखाच्या टोकांवरच्या हवेच्या भोवऱ्यांचा पुढचा अभ्यास मला का करायचा आहे. ‘मी जिद्दी व अभ्यासू आहे’ हे वाक्य त्यात नव्हते, आणि त्याची गरजही नव्हती.

दोन पानांहून जास्त लिहू नये. शेवटचा परिच्छेद प्रत्येक विद्यापीठासाठी वेगळा असावा आणि त्यात ज्या एक-दोन प्राध्यापकांची नावे येतील, त्यांचा निदान एक शोधनिबंध खरोखर वाचलेला असावा. संगणकाकडून किंवा दुकानातून लिहून आणलेला मजकूर ओळखू येतो. त्यात विशेषणे फार आणि आकडे एकही नसतो.

शिफारसपत्रांच्या बाबतीत मी स्वतः एकदा चुकलो आहे. काही वर्षांपूर्वी, परीक्षेच्या धामधुमीत, एका विद्यार्थ्याने स्वतःच लिहून आणलेल्या पत्रावर मी सही केली, आणि आठवड्याभरात दुसऱ्याच्याही. तिसरा मुलगा मसुदा घेऊन आला तेव्हा ‘माझ्या संपूर्ण कारकिर्दीतील सर्वोत्तम विद्यार्थी’ हे वाक्य मला ओळखीचे वाटले. कुणा सीनिअरचा मसुदा वर्गभर फिरत होता आणि पहिली दोन्ही पत्रे एकाच विभागाकडे गेली होती. तेव्हापासून मी मसुदा घेत नाही. विद्यार्थ्याने त्याऐवजी एक पान आणावे: माझ्या कोणत्या विषयात तो होता, प्रयोगशाळेत नेमके काय केले, कुठे अडला, आणि कोणत्या विद्यापीठाची मुदत कधी आहे. हे पान मुदतीच्या सहा आठवडे आधी द्यावे. तीन पत्रांपैकी दोन तरी अशा शिक्षकांची असावीत ज्यांनी तुम्हाला काम करताना पाहिले आहे. विभागप्रमुखांचे पद मोठे असते, पण ‘हा विद्यार्थी नियमित उपस्थित असे’ यापलीकडे त्यांना लिहिता आले नाही, तर ते पत्र उपयोगाचे नाही. शिक्षकांचा ईमेल महाविद्यालयाचा असावा. जीमेलच्या पत्त्यावरून आलेले पत्र काही पोर्टल शंकेने पाहतात.

कागदपत्रांमध्ये आपल्या मराठी घरांची एक खास अडचण आहे. मध्य प्रदेशातील मार्कशीटवर मुलाचे नाव आणि आडनाव एका ओळीत व वडिलांचे नाव निराळ्या ओळीत असते, तर पासपोर्ट काढताना घरचे मोठे हौसेने स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे सलग लिहितात. शिवाय आडनावाच्या रोमन स्पेलिंगमध्ये दहावीच्या मार्कशीटवर शेवटी एक ‘ए’ जास्त निघतो. ही तफावत अर्ज भरताना खटकत नाही, व्हिसाच्या वेळी खटकते. पासपोर्ट, दहावीची मार्कशीट आणि ट्रान्स्क्रिप्ट ही तिन्ही एका ओळीत मांडून अक्षर न् अक्षर ताडून पाहावी, आणि फरक असेल तर सातव्या सत्राच्या आधीच दुरुस्ती करून घ्यावी. ज्यांची पदवी भोपाळच्या राजीव गांधी प्रौद्योगिकी विश्वविद्यालयाची आहे, त्यांनी ट्रान्स्क्रिप्टच्या पाच-सहा सीलबंद प्रती एकदमच मागवाव्यात.

अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत मध्य प्रदेशातले अर्जदार सहसा मुंबईच्या वाणिज्य दूतावासात देतात, म्हणून आय-२० हा विद्यापीठाचा प्रवेशदाखला हाती येताच तारीख घ्यावी. आर्थिक मदतीसह आलेला प्रस्ताव स्वीकारायला अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठे १५ एप्रिलपर्यंत वेळ देतात. त्याआधी कोणी घाई केली तर या तारखेचा नम्रपणे उल्लेख करता येतो. एक जागा पक्की केली, की बाकीच्यांना त्याच दिवशी नकार कळवावा, कारण प्रतीक्षायादीवर कोणीतरी त्याच निरोपाची वाट पाहत असते. आणि ज्या तीन शिक्षकांनी पत्रे लिहिली त्यांना निकाल काहीही लागला तरी कळवावे. गेल्या वर्षी मी अकरा पत्रे लिहिली, आणि त्यांपैकी सहा जण कुठे पोहोचले हे मला त्यांच्या मित्रांकडून कळले.